बर्फात जायचंय ना? मग आधी टायर बघ

अगं, सात सीटची मोठी एसयूव्ही बुक केली की काळजी मिटली, असं तू काल फोनवर म्हणालीस. तेव्हा मागे मुलांचा गलका होता आणि सासूबाई शेजारीच होत्या, म्हणून मी फार बोलले नाही. आता निवांत सांगते. बेत छान आहे. नाताळच्या सुट्टीत डॅलसहून डेन्व्हर, तिथून गाडीने ब्रेकनरिज, मुलांचं पहिलं स्कीइंग, आणि आजी-आजोबांना पहिल्यांदाच एवढा बर्फ बघायला मिळणार. जा, नक्की जा. पण गाडी ठरवताना तू आकारापासून सुरुवात केली आहेस, आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं. मोठी गाडी बर्फात जास्त सुरक्षित असते हा गैरसमज आहे. गाडी रस्त्याला धरून राहते ती चार टायरांच्या जोरावर, आणि प्रत्येक टायर एका वेळी जेमतेम तळहाताएवढाच रस्त्याला टेकलेला असतो. तेवढ्यावर तुमचे सहा जीव. म्हणून आधी टायर, मग चारही चाकांना इंजिनाची ताकद जाते का ते, मग जागा. गाडीचं नाव नि रूप अगदी शेवटी.

रस्ता कसा आहे ते ऐक, म्हणजे मी एवढं का सांगतेय ते कळेल. डेन्व्हरचा विमानतळच आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे, ५,४०० फुटांच्या आसपास. तिथून आय-७० या हमरस्त्याने पश्चिमेला निघालं की शहर संपताच चढ लागतो. आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन मागे टाकत तू आयझेनहॉवर बोगद्याशी पोचतेस, तो ११,१५८ फुटांवर. बोगदा जवळजवळ पावणेदोन मैलांचा आणि जलविभाजक डोंगररांगेच्या पोटातून जाणारा, त्यामुळे आत शिरताना ऊन आणि बाहेर पडताना हिमवर्षाव, हे तिथे नवीन नाही. बाहेर पडल्या पडल्या सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे आठ मैलांत दोन हजार फुटांहून जास्त उतार आहे. चढ कसाही पार पडतो गं, पोटात गोळा येतो तो या उतारावर. पुढे फ्रिस्कोला हमरस्ता सोडून नऊ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला वळायचं की आलं ब्रेकनरिज. विमानतळापासून शंभराहून थोडे जास्त मैल. रस्ता कोरडा असेल तर दोन-सव्वादोन तास, बर्फ आणि गर्दी असेल तर त्याच्या दुप्पट धरून चाल.

आता कायदा. कोलोरॅडोत १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात आय-७० च्या मॉरिसन ते डॉटसेरो या डोंगरी पट्ट्यात टायरांचा नियम कायम लागू असतो, बर्फ पडत असो वा नसो. हमरस्त्यावरचा तुमचा सगळा चढ-उतार याच पट्ट्यातला. नियम साधा आहे: गाडी चारही चाकांवर चालणारी असावी, नाहीतर टायर हिवाळ्याचे किंवा निदान चिखल-बर्फाची खूण असलेले असावेत, आणि दोन्ही बाबतींत टायरच्या नक्षीची खोली कमीत कमी ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर, शिल्लक असावी. हे नसेल तर साखळ्या किंवा टायरवर चढवायचे मान्यताप्राप्त कापडी मोजे गाडीत हवेत. नियम मोडला तर १३० डॉलरच्या वर दंड, आणि तुमची गाडी अडकून रस्ता बंद पडला तर ६५० च्या वर. पण मला दंडाचं तितकंसं वाटत नाही. बोगद्याच्या चढावर मध्येच चाकं गरगरायला लागली आणि मागे मालट्रकांची रांग लागली, तर दोन लहान मुलं आणि दोन म्हातारी माणसं घेऊन तू काय करशील, ते मला दिसतं.

हा कायदा पाळायची जबाबदारी चालवणाऱ्याची आहे, हे पक्कं डोक्यात ठेव. पोलिसाने अडवलं तर 'गाडी भाड्याची होती' हे उत्तर चालत नाही. आणि भाड्याच्या गाडीला साखळ्या लावायला बहुतेक करारांत मनाई असते, कारण नीट न बसवलेली साखळी चाकाभोवतीचा पत्रा आणि ब्रेकची नळी फाडते. म्हणजे साखळीची पळवाट तुझ्याकडे बहुधा नाहीच. कापडी मोजे चालतील का, ते बुकिंगच्या वेळीच विचारून लेखी घे. ते बसवायला सोपे असतात, पण तो अडल्यावेळचा उपाय आहे, त्यांच्या भरवशावर गाडी निवडू नकोस.

टायर कसा ओळखायचा? त्याच्या कडेवर बघ. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं बारीक चिन्ह असेल तर तो टायर बर्फावर चाचणी घेऊन पास झालेला. नुसतं 'एम', 'एस' असं लिहिलं असेल तर नक्षी चिखल-बर्फासाठी बनवली आहे एवढाच अर्थ. कायद्याला ते चालतं, पण दोन्हींत फरक आहे. तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साधं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, सगळी किमया तीच. भाड्याच्या गाड्यांना बहुतेक वेळा बारमाही टायरच असतात. म्हणून नक्षी किती उरली आहे हे तपासणं तुझ्या हातात आहे. पाच-सहा डॉलरला खोली मोजायचं छोटं माप मिळतं, ते डॅलसलाच घेऊन ठेव. विसरलीस तर क्वार्टरचं नाणं उलटं धरून खाचेत घाल; वॉशिंग्टनच्या डोक्याचं टोक जरी दिसलं तरी ती गाडी परत कर. चारही टायर बघायचे, एक बघून समाधान मानायचं नाही. आपल्याला संकोच वाटतो ना, की काउंटरवरचा माणूस खोळंबलाय, मागे रांग लागलीय. वाटू दे. तू भाडं भरणार आहेस, बघून घेण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

चार चाकांच्या ताकदीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तुझ्या अहोंची तिथे फसगत होण्याची शक्यता आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, चढ चढायला मदत करते. थांबायला करत नाही. ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात, आणि थांबण्याचं अंतर ठरवतो टायर. बर्फात वेगाने पुढे गेलेली आणि थोड्या वेळाने रस्त्याकडेच्या खड्ड्यात दिसलेली गाडी पुष्कळदा मोठी फोर-व्हील ड्राइव्हच असते, हे आम्ही डेन्व्हरला राहत होतो तेव्हा दर हिवाळ्यात बघायचो. तरीही तुम्हाला ऑल-व्हील हवीच, यात शंका ठेवू नकोस.

आणि एसयूव्ही म्हणजे ऑल-व्हील, हे गृहीत धरू नकोस. राव्हफोर, सीआर-व्ही, रोग या गाड्या दोन्ही प्रकारांत निघाल्या आहेत, आणि भाड्याच्या ताफ्यात फक्त पुढची चाकं चालणाऱ्या भरपूर असतात. सबर्बन बघून आपण दिपून जातो, पण तिचाही फक्त मागच्या चाकांवर चालणारा प्रकार आहे, आणि एवढी जड गाडी बर्फाळ चढावर मागच्या दोन चाकांवर ढकलायची म्हणजे कठीणच. बुकिंग करताना चित्रातली गाडी तुला मिळेल असं नसतं. तू एक वर्ग राखून ठेवतेस आणि त्या वर्गातली किंवा तशीच दुसरी कुठलीही गाडी ते देऊ शकतात. म्हणून ज्या वर्गाच्या नावातच ऑल-व्हील किंवा फोर-व्हील लिहिलंय तोच निवड, आणि नंतर त्या शाखेत फोन करून नोंद करून घे. गाडी हातात आली की मागच्या दारावरची अक्षरं वाच. शंका वाटली तर चावी घेण्याआधी विचार. सुबारूची फॉरेस्टर, आउटबॅक किंवा अ‍ॅसेंट मिळाली तर मात्र या बाबतीत निर्धास्त राहा, त्या सगळ्या ऑल-व्हीलच असतात.

तुमची खरी अडचण आहे ती सहा माणसांची. तीन रांगांच्या मध्यम गाडीत, म्हणजे हायलँडर, पायलट, टेल्युराइड वगैरे, तिसरी रांग उघडली की डिकीत एखादी मोठी बॅग मावेल, बस. आणि थंडीचे कपडे केवढी जागा खातात ते तुला अजून कळायचंय. सहा जाकिटं, सहा जोड बूट, सासूबाईंचा खाऊचा डबा. मिनीव्हॅनमध्ये जागा ऐसपैस, आजी-आजोबांना चढायला-उतरायला सोपी, पण भाड्याच्या बहुतेक मिनीव्हॅन फक्त पुढच्या चाकांवर चालतात; सिएना ऑल-व्हीलमध्ये येते, मिळाली तर तुमच्यासाठी तिच्यासारखी गाडी नाही. नाही मिळाली तर मोठ्या मापाची फोर-व्हील एसयूव्ही घ्यावी लागेल, ती नाताळात महाग असते आणि लवकर संपते. म्हणून आजच बघ. पैशांची एक बचत मात्र सुचवते: स्की, बूट, हेल्मेट काहीही डॅलसहून नेऊ नका, सगळं ब्रेकनरिजमध्येच भाड्याने घ्या. मग छतावर रॅक लागत नाही आणि आत दीड-पावणेदोन मीटरच्या स्की आडव्या ठेवायचा प्रश्नही नाही.

काउंटरवर तुला विजेवरची गाडी देऊ करतील, भाडंही कमी सांगतील. एरवी मी स्वतः घे म्हणाले असते. पण कडक थंडीत बॅटरीचा पल्ला बराच घटतो, आतलं हीटर त्यातूनच चालतं, वर चढ, आणि वादळात रस्ता बंद झाला तर तासन् तास एका जागी उभं राहणं. मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर चार्जिंगची हक्काची सोय असेल आणि आधीपासून सवय असेल तरच. तुमच्यासाठी यंदा नको.

मुलांच्या सीटबद्दल. कोलोरॅडोत नऊ वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या मापाची सीट किंवा बूस्टर लागतोच. तुमच्या नेहमीच्या सीटच विमानातून न्या. अमेरिकी विमानकंपन्या त्यांचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत, आणि भाड्याने मिळणारी सीट कशी असेल सांगता येत नाही. आणि हे नीट ऐक: मुलांना फुगीर जाकीट घालून सीटबेल्ट लावायचा नाही. धक्का बसला की जाकिटातली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि पोर त्यातून निसटू शकतं. जाकीट काढायचं, पट्टा अंगाला घट्ट बसवायचा, आणि वरून जाकीट किंवा पांघरूण घालायचं. आजी म्हणतील, बाळ गारठेल. त्यांना हे कारण शांतपणे समजावून सांग, त्या ऐकतील.

विम्याचं थोडक्यात. डॅलसमधल्या तुमच्या गाडीची पॉलिसी भाड्याच्या गाडीला लागू होते का, ते एजंटला विचार, आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण किती आहे तेही. मोठ्या व्हॅन आणि काही जड गाड्या कार्डाच्या अटींत बसत नाहीत. टुरो या लोकांच्या खासगी गाड्या भाड्याने मिळवून देणाऱ्या अ‍ॅपवर तुला डेन्व्हरच्या रहिवाशाची हिवाळी टायर लावलेली गाडी फोटोसकट निवडता येईल, तो त्यातला मोठा फायदा. पण कार्डाचा विमा तिथे बहुधा चालत नाही, तेव्हा वेगळं संरक्षण घ्यावं लागेल. गाडी घेताना काचेसकट चारही बाजूंचं चित्रण कर. डोंगरात रस्त्यावर वाळू टाकतात, काचेला खडे लागतात.

विमानतळावरून निघायच्या आधी वायपरचं पाणी भरून घे, आणि ते थंडीतलंच असू दे, उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं. हे फार क्षुल्लक वाटतं ना? पण रस्त्यावर बर्फ वितळवायला जे मीठ-रसायन फवारतात त्याचा चिखल पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडून सरळ तुमच्या काचेवर येतो. वायपर फिरवला की पांढरा पडदा. पाणी गोठलं असेल तर ताशी साठ मैलांच्या वेगात तू आंधळी होतेस. एक गॅलन घे, उरलेलं गाडीत ठेव. बर्फ खरवडायचा ब्रश, एक छोटं फावडं, पांघरुणं, पाणी, खाणं, सासऱ्यांची गोळ्यांची पिशवी डिकीत न ठेवता हाताशी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि पंपावर बघ, कोलोरॅडोत सगळ्यात स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलेलं असतं, तेच भर.

चालवणार कोण, हे दोघांनी आधी मोकळेपणाने बोला. तुझे अहो म्हणतील, मी खंडाळ्याचा घाट धो-धो पावसात उतरवलाय. खरं आहे, आणि तो अनुभव इथे एका बाबतीत कामाला येतो: घाट उतरताना खालचा गिअर. ऑटोमॅटिक गाडीत तो कसा टाकायचा, 'एल' आहे, 'बी' आहे की स्टिअरिंगमागे पट्ट्या आहेत, हे विमानतळाच्या पार्किंगमध्येच शिकून घ्या. बोगद्यानंतरचा उतार इंजिनाच्या जोरावर उतरायचा, ब्रेक हलका. क्रूझ कंट्रोल बंद. ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखड जाणवली तर घाबरून पाय काढायचा नाही, ती चाकं अडकू न देणारी यंत्रणा काम करतेय. पण काळा बर्फ पावसासारखा दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. त्याचा सराव पुण्या-मुंबईत होत नाही आणि डॅलसमध्येही होत नाही.

म्हणून मनातलं सांगते. त्या दिवशी हिमवादळाचा इशारा असेल तर गाडी घेऊच नका. विमानतळावरून ब्रेकनरिजला शटल जातात, रोजचे सराईत चालक असतात, आणि गावात फिरायला बस फुकट आहे. शेजारच्या कॉपर, कीस्टोनपर्यंत समिट स्टेजची बसही फुकट. गाडी तिथे बरेचदा पार्किंगचे पैसे भरत नुसती उभी असते. सहा जणांचं शटल आणि मोठ्या फोर-व्हीलचं आठवड्याचं भाडं, विमा, टोल, पेट्रोल, पार्किंग असं दोन्ही कागदावर मांडून बघ. शटल परवडत असेल तर मी शटलच घेईन. आणि बुकिंग रद्द करता येईल असंच कर, पैसे आधी भरून थोडे वाचवण्यापेक्षा ते महत्त्वाचं. सासऱ्यांना डोंगराची भीती असेल तर पुढच्या वर्षी विंटर पार्कचा विचार करा, हिवाळ्यात ठरावीक दिवशी डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून आगगाडी थेट उताराच्या पायथ्याशी नेऊन सोडते.

गाडीनेच जायचं ठरलं तर सकाळचं विमान घ्या आणि पहिली रात्र डेन्व्हरला काढा. ब्रेकनरिज ९,६०० फुटांवर आहे, एकदम तेवढं वर गेलं की डोकं दुखतं, धाप लागते, आणि सासऱ्यांना रक्तदाब आहे. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घे. शिवाय डिसेंबरअखेरीस पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, अंधारात तो उतार नको. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या सीओट्रिप या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघायची, मग निघायचं. शनिवारी सकाळी वर जाणारी आणि रविवारी दुपारी खाली येणारी गर्दी टाळा. त्यामुळे तू जे रविवार संध्याकाळचं परतीचं विमान बघून ठेवलंयस, ते घेऊ नकोस. सोमवार दुपारचं घे, आणि तिकीट काढण्याआधी मला एक फोन कर.